घर्षणाचे पाणी : पोलादाचा पृष्ठभाग कठीण करण्याच्या घर्षणाधारित पद्धती

विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात घर्षणाची नोंद बहुधा तोट्याच्या रकान्यात असते. यंत्राला दिलेल्या ऊर्जेचा काही भाग घर्षणात वाया जातो, भाग झिजतात, सबब वंगण घालावे, असे आपण वर्गात सांगतो आणि ते खोटे नाही. तथापि गेल्या काही दशकांत धातुशास्त्राने हेच घर्षण हाताशी धरून पोलादाचा पृष्ठभाग अधिक कठीण, सूक्ष्मकणी आणि झीजरोधक करण्याच्या अनेक पद्धती सिद्ध केल्या आहेत. प्रस्तुत लेखात त्यांपैकी प्रमुख पद्धतींमागील तत्त्व, त्यांची बलस्थाने आणि त्यांतून उद्भवणारा एक गंभीर धोका यांचा परिचय करून द्यावयाचा आहे. धोक्याचा भाग मुद्दाम सविस्तर घेतला आहे, कारण आपल्या महाविद्यालयांतून बाहेर पडणारी कितीतरी मुले लेथवर किंवा ग्राइंडिंग मशीनवर काम करतात. बेळगावच्या उद्यमबागेसारख्या, ओतकाम व क्रँकशाफ्टसाठी ओळखल्या जाणाऱ्या वसाहतीत तर हा रोजचाच विषय आहे.

भाषेच्या अध्यापकाने पोलादावर का लिहावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर शब्दांतच आहे. ‘पोलाद’ हा शब्द मराठीत फारसीतून आला. उर्दूत तोच ‘फ़ौलाद’ झाला. धारदार हत्याराला उर्दूत ‘आबदार’ म्हणतात आणि मराठीत ‘पाणीदार’. फारसीत ‘आब’ म्हणजे पाणीच. लोहार विळ्याला ‘पाणी देतो’, आणि सहाणेवर किंवा दगडावर जास्त तापले की धारेचे ‘पाणी उतरते’. दोन्ही भाषांनी एकाच कारागिराच्या हातातील एकच क्रिया एकाच शब्दाने पकडली आहे. ती क्रिया नेमकी कोणती, हे कळले की पुढचा सगळा विषय सोपा होतो.

पाणी देणे म्हणजे काय

पोलाद म्हणजे लोखंडात थोडा कार्बन. साधारण ७२७ अंश सेल्सिअसच्या वर तापवले की लोखंडातील अणूंची मांडणी बदलू लागते. या नव्या मांडणीला ऑस्टेनाइट म्हणतात आणि तिच्यात कार्बन सहज सामावतो. पुढे पोलाद सावकाश थंड झाले तर कार्बन बाहेर पडून लोखंडाशी संयुग करतो व मऊ, लवचिक रचना मिळते. पण एकदम थंड केले तर कार्बनाला बाहेर पडायला सवडच मिळत नाही. तो जागच्या जागी अडकतो, अणूंची मांडणी ताणली जाते आणि मार्टेन्साइट नावाची अत्यंत कठीण रचना तयार होते. सुमारे ०.८ टक्के कार्बन असलेल्या पोलादाचे काठिण्य रॉकवेल सी मापनावर ६५ च्या आसपास पोचते. पाणी देणे ते हेच.

याची किंमतही आहे. मार्टेन्साइट कठीण असते तसे ठिसूळही असते. संपूर्ण तलवार मार्टेन्साइटची केली तर ती पहिल्या घावाला मोडेल. संपूर्ण मऊ ठेवली तर धार वळेल. नवव्या शतकात अल-किंदी याने तलवारींवर लिहिलेल्या आपल्या अरबी प्रबंधात लोखंडाची वर्गवारी केली आहे. तीत कठीण ते ‘शाबुरकान’ आणि मऊ ते ‘नर्माहन’ असे दोन प्रकार असून मुशीत सिद्ध केलेला फ़ौलाद त्यांहून निराळा मानला आहे. ‘नर्माहन’ हा शब्द उघडच फारसी आहे, नर्म लोखंड. आजच्या तेलंगणातील निजामाबादजवळच्या कोनासमुद्रम येथे मुशीत तयार होणारे पोलाद इराणपर्यंत जात असे, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मायकेल फॅरडेने ज्या ‘वूट्झ’ पोलादाचा अभ्यास केला ते याच परंपरेतले. कठीण आणि चिवट एकाच वस्तूत कसे आणावे, हा प्रश्न तेव्हाही होता व आजही आहे. गिअरचा दाता, क्रँकशाफ्टचा जर्नल, खाटकाचा सुरा, सर्वांना बाहेरून कठीण आणि आतून चिवट व्हायचे असते.

प्रचलित उपाय अनेक आहेत. कार्बनयुक्त वातावरणात तासन्‌तास तापवून पृष्ठभागात कार्बन मुरवणे, नायट्रोजन मुरवणे, विद्युत्‌ प्रेरणेने फक्त वरचा थर तापवून त्यावर पाणी मारणे, हे त्यांतले मुख्य. या सर्वांत उष्णता बाहेरून आणावी लागते. घर्षणाच्या पद्धतीत ती पृष्ठभागावरच जन्मते. शिवाय तापलेला धातू त्याच वेळी दाबला, पिळला व मळला जातो. भट्टीला हे दुसरे काम जमत नाही.

घर्षणातून उष्णता किती मिळते

घर्षणाची उष्णता ही किरकोळ बाब नाही हे १७९८ मध्ये काउंट रम्फर्डने दाखवून दिले. म्युनिक येथे तोफांच्या नळ्यांना भोक पाडताना तयार होणारी उष्णता पाहून त्याने मुद्दाम बोथट हत्यार घेतले, नळी पाण्यात बुडवली आणि घोड्यांच्या बळावर ती फिरवत ठेवली. अडीच तासांत पाणी उकळले. विस्तव कोठेच नव्हता, हे पाहून जमलेले लोक थक्क झाले.

आता आजच्या यंत्राचे एक साधे गणित करू. हे भौतिकशास्त्राच्या वर्गात फळ्यावर सहज करता येईल. २० मिलिमीटर व्यासाचा सपाट तोंडाचा दंड पोलादी पट्टीवर २० किलोन्यूटन, म्हणजे सुमारे दोन टन वजनाच्या बळाने दाबला आहे व तो मिनिटाला ६०० फेरे घेतो. घर्षणांक ०.३ धरू. दाब सर्वत्र सारखा मानला तर पिळाचे परिबल दोन-तृतीयांश गुणिले घर्षणांक गुणिले बळ गुणिले त्रिज्या, म्हणजे ४० न्यूटन-मीटर येते. ६०० फेरे म्हणजे सेकंदाला ६२.८ रेडियन. दोहोंचा गुणाकार सुमारे २,५०० वॅट. घरातील २,००० वॅटची विजेची शेगडी यापेक्षा फार वेगळी नाही, असे वाटेल. परंतु शेगडीची उष्णता २० सेंटिमीटर व्यासाच्या तबकडीवर पसरते, तर येथे ती सव्वातीन चौरस सेंटिमीटरांहूनही कमी जागेत कोंडलेली आहे. दर चौरस सेंटिमीटरला ही तीव्रता शेगडीच्या सुमारे सव्वाशे पट भरते. काही सेकंदांत पोलाद लालभडक होते ते यामुळे.

मग ते वितळत का नाही? याचे कारण मोठे मार्मिक आहे. तापमान वाढेल तसा धातू मऊ होतो. मऊ झाला की तो दंडाला कमी विरोध करतो. विरोध कमी झाला की उष्णताही कमी निर्माण होते. ही क्रिया स्वतःच स्वतःला लगाम घालते. या टप्प्यावर दंड पृष्ठभागावर घसरत नसून धातूचा वरचा थर दंडाला चिकटून फिरतो आणि सरकणे धातूच्या अंतरंगात घडते. वर वापरलेला घर्षणांक तेथे फारसा अर्थपूर्ण राहत नाही. आकड्यांचा अंदाज येण्यापुरतेच ते गणित घ्यावे.

घुसळण

इंग्लंडमधील केंब्रिजजवळच्या द वेल्डिंग इन्स्टिट्यूट या संस्थेत वेन थॉमस व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये जोडकामाची एक नवी रीत शोधली. खांदा व मध्ये छोटी खुंटी असलेले हत्यार फिरवत फिरवत दोन पत्र्यांच्या सांध्यात घुसवायचे आणि सांध्याच्या रेषेवरून पुढे न्यायचे. धातू न वितळता घुसळला जातो आणि दोन्ही पत्रे एकजीव होतात. पुढे १९९९-२००० च्या सुमारास अमेरिकेत भारतीय वंशाचे धातुशास्त्रज्ञ राजीव मिश्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी असा विचार केला की सांधाच नसलेल्या अखंड पट्टीवर हेच हत्यार चालवले तर काय होईल? तेथे जोडायचे काही नाही. फक्त धातूची अंतर्रचना बदलेल. ॲल्युमिनिअमच्या मिश्रधातूत कण इतके बारीक झाले की योग्य तापमानाला तो धातू तुटण्यापूर्वी कित्येक पट ताणला जाऊ लागला. पद्धतीचे इंग्रजी नाव ‘फ्रिक्शन स्टर प्रोसेसिंग’. मराठीत मी तिला ‘घर्षण-घुसळण’ म्हणेन. ताकात फिरणारी रवी ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळे स्पष्टीकरण लागणार नाही, आणि ‘घर्षण-विलोडन प्रक्रिया’ असा जड शब्द परीक्षेपुरताच उरतो.

ॲल्युमिनिअम ६६० अंशांना वितळते, लोखंड १,५३८ अंशांना. साहजिकच पोलाद घुसळताना हत्याराच्या टोकाला हजार अंशांच्या वर टिकावे लागते. साधे हत्यारी पोलाद तेथे स्वतःच मऊ पडते. त्यासाठी टंगस्टन-ऱ्हेनिअमचा मिश्रधातू, टंगस्टन कार्बाइड, किंवा हिऱ्याखालोखाल कठीण असे घन बोरॉन नायट्राइड वापरावे लागते. ही हत्यारे महाग असतात व झिजतातही. पद्धत पोलादात ॲल्युमिनिअमइतकी फैलावली नाही, याचे मुख्य कारण हेच होय.

जेथे ती यशस्वी झाली तेथे परिणाम मात्र लक्षणीय आहेत. ‘डी-२’ या हत्यारी पोलादाचे उदाहरण घेऊ. त्यात सुमारे दीड टक्का कार्बन व बारा टक्के क्रोमिअम असते आणि या दोहोंच्या संयुगाचे, कार्बाइडचे, मोठमोठे खडे त्यात विखुरलेले असतात. खड्यांमुळे पोलाद झिजत नाही, पण बारीक धार लावू गेले की ते धारेतून निखळतात. अमेरिकेतील युटा राज्यातल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या संशोधनाच्या आधारे या पोलादाच्या सुरीची फक्त धारेकडची बाजू घुसळण्यात आली. खडे फुटले, काही अंशी विरघळले, कण अतिसूक्ष्म झाले आणि धारेचे काठिण्य रॉकवेल ६५ च्या पुढे गेले. नेहमीच्या पद्धतीने पाणी दिलेले डी-२ साधारण ६० ते ६२ वर थांबते. सुरीची पाठ मात्र मऊ व चिवटच राहिली. जुन्या तलवारबाजांनी हीच मागणी केली असती.

कण बारीक झाले की पोलाद बळकट का होते, याचे सूत्र हॉल (१९५१) व पेच (१९५३) यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. धातूतील विरूपण एका कणातून दुसऱ्यात जाताना सीमेवर अडते. कण जितके लहान तितक्या सीमा जास्त. बळकटीतील ही वाढ कणाच्या व्यासाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. व्यास सोळाव्या हिश्शावर आला तर सीमांमुळे मिळणारे बळ चौपट होते. पोलादात याच्या जोडीला मार्टेन्साइटही मिळते, म्हणजे दुहेरी लाभ. फक्त एक अडचण राहते. रुंद पृष्ठभागासाठी हत्यार शेजारी शेजारी अनेकदा फिरवावे लागते आणि नव्या पट्ट्याची उष्णता आधीच्या पट्ट्याच्या कडेचे पाणी उतरवते. कठीण पृष्ठभागावर मऊ रेघा राहतात.

लेपन

घर्षण-लेपन ही त्याहून जुनी रीत. क्लोपस्टॉक व नीलँड्स यांनी १९४१ मध्ये तिच्यासाठी ब्रिटिश पेटंटचा अर्ज केला होता. येथे फिरणारा दंड हत्यार नसून भरणीचा माल असतो. कठीण पोलादाचा दंड साध्या पोलादी पट्टीवर दाबून फिरवला की त्याचे टोक मऊ पडते आणि पट्टी सरकवताच त्याचा जाड लेप मागे राहत जातो. खडूने फळ्यावर रेघ ओढावी तसा हा प्रकार आहे. वेल्डिंगने कठीण भर देताना दोन्ही धातू वितळून एकमेकांत मिसळतात व भरणीचा कस कमी होतो. येथे काहीच वितळत नसल्याने मिसळ होत नाही. लेपाच्या दोन्ही कडा नीट चिकटत नाहीत व त्या छाटाव्या लागतात, हा त्यातला दोष.

पांढरा थर

आतापर्यंतचे सर्व घर्षण हेतुपुरस्सर होते. तेच घर्षण न बोलावता आले तर काय होते, हे आता पाहू.

रेल्वे रुळाच्या पोलादात ०.७ ते ०.८ टक्के कार्बन असतो. इंजिनाचे चाक जागेवर घसरले की रुळाचा वरचा पापुद्रा क्षणात तापतो आणि खालच्या थंड पोलादामुळे क्षणातच थंड होतो. पाणी दिल्यासारखेच हे झाले. सूक्ष्मदर्शकाखाली आम्ल लावून पाहिल्यास हा भाग पांढरा दिसतो, म्हणून त्याला पांढरा थर म्हणतात. त्याचे काठिण्य मूळ रुळाच्या दुप्पट-तिप्पट असू शकते. कठीण झाला म्हणून आनंद मानावा, तर नाही. खालच्या चिवट पोलादावर बसलेला तो काचेचा पापुद्रा ठरतो. चाकांच्या भाराखाली तो तडकतो आणि तडा खाली उतरू लागतो.

ग्राइंडिंगमध्ये नेमके हेच घडते. दगड आणि जॉब यांच्यातील ऊर्जेचा बहुतेक भाग उष्णतेत जातो. कूलंट कमी पडले, दगड बुजला, किंवा घाईने जास्त काप घेतला तर आधीच पाणी दिलेल्या गिअरच्या दात्याचे पाणी उतरते. त्याहून जास्त तापल्यास वर नवा पांढरा थर तयार होतो व त्याखाली मऊ पट्टा राहतो. जॉबवर पिवळट, तांबूस, जांभळे, निळे रंग दिसतात ते या तापण्याचे. कारखान्यात यालाच जॉब ‘जळाला’ म्हणतात. खरी गोम पुढे आहे. शेवटी दगडाचा हलका हात फिरवला की रंग निघून जातो, जॉब चकाकतो, मापातही बसतो. बिघाड मात्र आतच राहतो. तो भाग पुढे कोणाच्या ट्रकच्या गिअरबॉक्समध्ये किंवा पंपात जातो आणि महिन्या-दोन महिन्यांनी दाता तुटतो. रंग पुसणाऱ्या मुलाला आपण काही चुकीचे केले असे वाटतही नाही, कारण रंग म्हणजे नुसता डाग असेच त्याला कोणीतरी सांगितलेले असते. पाणी देणे हा धडा त्याला त्याच्या भाषेत नीट शिकवला गेला असता तर निळ्या रंगाचा अर्थ त्याला वेगळा सांगावा लागला नसता. या बाबतीत दोष मुलाकडे जात नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

याच जळण्याला जर्मनीतील ब्रेमेन येथील ब्रिंक्समायर व ब्रॉकहॉफ यांनी १९९६ मध्ये उलटे वळण दिले. त्यांचे म्हणणे असे की ग्राइंडिंगची उष्णता टाळण्याऐवजी मऊ पोलादावर ती मोजून-मापून वाढवावी. पृष्ठभाग ऑस्टेनाइटच्या तापमानाला पोचेल आणि आतला थंड पोलादच त्याला पाणी देईल. तेल नको, भट्टी नको. हा थर रुळावरच्या पापुद्र्यासारखा पातळ नसून बराच खोल जातो व खालच्या भागात हळूहळू मिसळतो. युक्रेनमधील संशोधकांनी दगडाऐवजी सेकंदाला ६० ते ८० मीटर वेगाने फिरणारी पोलादी तबकडी वापरून असाच कठीण थर मिळवला आहे. तोच थर रुळावर अनिष्ट आणि येथे इष्ट कसा, असे विद्यार्थी विचारतील. जाडी, खालच्या थराशी असलेला सांधा आणि त्यात राहिलेला ताण की दाब, या तीन गोष्टींवर ते ठरते. नुसत्या काठिण्याच्या आकड्यावर नाही.

झिजेचे सूत्रही हेच सांगते. आर्चर्डने १९५३ मध्ये मांडल्याप्रमाणे झिजलेले आकारमान भार व घसरलेले अंतर यांच्या सम प्रमाणात आणि काठिण्याच्या व्यस्त प्रमाणात असते. काठिण्य दुप्पट तर झीज निम्मी. पण सूत्रात एक गुणांकही आहे, आणि थर तडकून निघू लागला की तो गुणांकच अनेक पटींनी वाढतो.

घोटणे

लहान कारखान्याला आज लगेच परवडेल अशी पद्धत मात्र थंड आहे. फारसी-उर्दू हस्तलिखितांचा कागद खळ लावून वाळवल्यावर अकीकाच्या मोहऱ्याने घासून गुळगुळीत करीत. मराठीत त्याला ‘घोटणे’ म्हणतात आणि कागदाला ‘घोटीव’. घासल्याने कागदाचे काहीच निघून जात नाही. उंचवटे दाबले जातात व तंतू घट्ट बसतात. पोलादावर हेच काम कठीण रोलर किंवा गोळी करते. लेथच्या टूलपोस्टवर बसवता येईल असे हे साधन आहे. कारखान्यात ‘बर्निशिंग’ हा शब्द रूढ आहे. ‘घोटणे’ त्याहून नेमका आहे.

घोटल्याने वरचा थर थंड अवस्थेतच विरूपित होऊन काहीसा कठीण होतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यात दाबाचा ताण मुरतो. भेग उघडायला ओढ लागते. पृष्ठभाग आधीच दाबलेला असेल तर बाहेरून आलेल्या ओढीचा बराच भाग तो दाब फेडण्यातच खर्ची पडतो. क्रँकशाफ्टचा जर्नल जेथे त्याच्या पाखेला मिळतो त्या गोलसर कोपऱ्यात भेगा सुरू होतात, म्हणून तो कोपरा रोलरने दाबून घेण्याची पद्धत मोटार उद्योगात रुळलेली आहे.

वर्गात दाखवण्यासारखे

कानस कठीण पोलादावर घसरते व मऊ पोलादात रुतते. एवढ्या एका चाचणीने पाणी दिलेला व न दिलेला तुकडा विद्यार्थी हाताने ओळखू शकतात. बोथट ड्रिल ३०४ प्रतीच्या स्टेनलेसवर दाबून फिरवले की भोकाचा तळ चकाकतो आणि नंतर नवे ड्रिलही तेथे लागत नाही. येथे कार्बनाचे काम नसून विरूपणानेच धातू कठीण झालेला असतो. अशा पोलादाच्या खोल ओढलेल्या भांड्याच्या काठाला लोहचुंबक किंचित चिकटतो, कारण विरूपणामुळे तेथे थोडे मार्टेन्साइट तयार झालेले असते.

ग्राइंडिंगमध्ये जळलेला भाग ओळखण्यासाठी नायटल वापरतात, म्हणजे अल्कोहोलमध्ये ३ ते ५ टक्के नायट्रिक आम्ल. स्वच्छ केलेल्या जॉबवर ते काही सेकंद लावून धुतले की निकोप भाग एकसारखा करडा दिसतो, पाणी उतरलेला भाग काळपट आणि पुन्हा कठीण झालेला भाग काळ्या कडेतला पांढरा. रंग पुसून लपवलेला जॉब येथे लपत नाही. हे मिश्रण रसायनशास्त्राच्या अध्यापकांच्या देखरेखीखालीच, आम्ल थोडे थोडे अल्कोहोलमध्ये घालून, हातमोजे व चष्मा लावून, लागेल तेवढेच करावे. घट्ट बुचाच्या बाटलीत साठवू नये व विस्तवाजवळ आणू नये. जळालेला एखादा टाकाऊ जॉब जवळच्या कारखान्यातून मागितला तर बहुधा फुकट मिळतो.